कूळमास्तर ऊर्फ कूल मास्टर

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या मास्तरांनी त्यातला पहिला नियम तरुणपणीच मोडला. तापीचं मूळ बघायला ते मुलताईला गेले, तिथल्या कुंडातलं पाणी बाटलीत भरून आणलं आणि बुरहानपूरच्या राजघाटावर उभं राहून ते पुन्हा तापीतच ओतलं. ‘‘तिची तिला ओळख करून दिली,’’ म्हणाले. ऋषी काही त्यांना भेटला नाही, म्हणून उरलेल्या सृष्टीला कूळ विचारत ते आजवर हिंडताहेत.

बुरहानपुरातली मराठी घरं त्यांना कूळमास्तर म्हणतात. हिंदीभाषक पोरांच्या जिभेला ळ वळत नाही, त्यामुळे गल्लीत त्यांचं ‘कूल मास्टर’ झालं. नवी पिढी हे नाव इंग्रजीतलंच समजते आणि कानटोपी घातलेल्या, गळ्यात सुतळीनं भिंग अडकवलेल्या, खिशातून सुकलेली फुलं सांडणाऱ्या या माणसात एवढं कूल काय आहे, याचा मनोभावे शोध घेते.

अशी माणसं गावोगावी असतात. ‘जळगावचे’ म्हटलं की ‘कोणत्या? खानदेशच्या की जामोदच्या?’ असं विचारून, पाहुण्याला रकान्यात बसवल्याशिवाय त्याला पाणी पिऊ देत नाहीत. आडनाव ऐकलं की मूळ गाव, मूळ गाव ऐकलं की मामेकूळ, आणि चहा येईपर्यंत तुमच्या चुलत आत्याच्या सासऱ्याशी त्यांचं नातं निघालेलं असतं. मास्तर त्याच पंथातले. फक्त त्यांची सोयरीक झाडाझुडपांशी.

त्यातही लाडकं कूळ एकच, सूर्यफुलाचं. वनस्पतिशास्त्रात त्याला अॅस्टरेसी म्हणतात, जुन्या पुस्तकांत कंपॉझिटी. जगभरात पंचवीस-तीस हजार जाती. एवढा गोतावळा असलेल्या कुळाशी नातं सांगायचं म्हणजे रस्त्यानं चालणं मुश्कील. मास्तरांना घरापासून भाजीबाजारापर्यंत जायला पाऊण तास लागतो, कारण वाटेत एकदांडी भेटते, माका भेटतो, सहदेवी भेटते. गाजरगवत भेटलं की मात्र ते मान फिरवून पुढे जातात. भावकीतला वाया गेलेला मुलगा दिसावा तसे.

एकदा दुपारी काकूंनी मला जेवायला थांबवलं. ताटात करडईची भाजी, कळण्याची भाकरी, कारळ्याची चटणी. मास्तरांनी पहिला घास हातातच ठेवला. ‘‘सगोत्र,’’ म्हणाले. करडई सूर्यफूल कुळातली, कारळं त्याच कुळातलं, फोडणीचं तेल तर खुद्द सूर्यफुलाचं, आणि दाराला दसऱ्याचं सुकलेलं झेंडूचं तोरण, म्हणजे तेही घरचंच. ‘‘एका पंगतीला इतके सगोत्र बरे नव्हेत.’’

‘‘त्यांची लग्नं नाही लावायची तुम्हाला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘जेवायचंय.’’

झेंडूवरून तर भर बाजारात प्रसंग झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गर्दीच्या वेळी, मास्तरांनी फुलवाल्याच्या पाटीतला एक झेंडू उचलला आणि त्याला शिकवायला घेतलं. हे एक फूल नव्हे, फुलांचा मेळावा आहे. तू जिला पाकळी म्हणतोस ते प्रत्येक एक अख्खं फूल आहे. बघ, ओढून बघ, खाली त्याचं स्वतःचं बीजाचं घर आहे. फुलवाल्यानं खरंच ओढून पाहिलं. मास्तरांनी भिंग दिलं. मग मधली नळीसारखी फुलं दाखवली. त्यांतले परागकोश एकमेकांना चिकटून एक बारीक नळी करतात आणि तिच्यातून मधली काडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी वर सरकत पराग बाहेर ढकलते. ‘‘ये एक फूल नहीं, पूरा मोहल्ला है,’’ मास्तर म्हणाले. घरी ताटात सोडून त्यांनी एका झेंडूतली फुलं मोजली होती. दोनशे चौदा.

‘‘तो मास्टरजी,’’ फुलवाला तराजू धरून म्हणाला, ‘‘मोहल्ले के हिसाब से पैसे दे दो.’’

आमच्या भागात हे ज्ञान फार जपून पाजळावं लागतं. बुरहानपूर म्हणजे केळी. लालबागच्या स्टेशनाबाहेर पडलं की ज्या बाजूला जाल तिकडे केळीच्या बागा. आणि मास्तरांचं म्हणणं, केळ हे झाडच नाही. खोड दिसतं ते खोड नसून पानांच्या देठांच्या तळांची एकात एक घट्ट गुंडाळी आहे. लाकडाचा पत्ता नाही. आहे ती एक दांडगी शाकीय वनस्पती. हे ते एका बागायतदाराच्या बांधावर उभं राहून ठणकावून सांगत होते. आदल्याच आठवड्यात वावटळीनं त्याची निम्मी बाग आडवी केली होती आणि पंचनामा चालू होता. तो गडी मास्तरांचा दंड धरून काकुळतीनं म्हणाला, ‘‘मास्तर, हळू बोला. पटवारी ऐकेल.’’

थोडक्यात, दिसतं त्यावरून कूळ ठरवू नये, हा मास्तरांचा एकमेव सिद्धान्त. तो समजावायला ते तुम्हाला चौकातल्या मिठाईच्या दुकानात नेतात आणि मावा जिलबी घेऊन देतात. बुरहानपूरची ही जिलबी तुम्ही खाल्ली नसेल तर सांगतो: काळपट तपकिरी, बोटाएवढी जाड वेटोळी, खव्याच्या पिठाची, तुपातून काढून पाकात सोडलेली, चावली की मऊ. मास्तर ती बोटांत धरून विचारतात, ‘‘हिचं कूळ?’’ तुम्ही अर्थातच जिलबी म्हणता. ‘‘वेटोळं बघून फसलात. मावा, तूप, पाक. ही गुलाबजामची बहीण आहे. पेहराव फक्त जिलबीचा.’’ दुकानदाराला हे मान्य नाही, पण मास्तर रोखीचं गिऱ्हाईक.

आता या सगळ्यात मी कुठून आलो, ते सांगायला हवं.

नववीत आम्हाला शास्त्र मास्तरच शिकवत. शाळेच्या भिंतीला लागून एकदांडी माजलेली असे, वीतभर देठ आणि वर एकुलतं पिवळट-पांढरं फूल. एकदा मी विचारलं, ‘‘सर, एकदांडीचं झाड होतं का?’’ वर्ग हसला. मास्तरांनी खडू फेकून मारला. ‘‘या कुळात गवतं आणि झुडपं. झाड नाही. कधीच नाही.’’ खडू कपाळाला लागला. विषय संपला.

बावीस वर्षांनी, मे महिन्यातल्या एका दुपारी, मी माझ्या कापडाच्या पेढीवर पंख्याखाली डुलक्या घेत असताना मास्तर आत आले. सायकल उन्हातच टाकली होती. गादीवर बसले, पाणी प्यायले नाहीत. म्हणाले, ‘‘तुझं बरोबर होतं.’’

मला वाटलं, गेल्या दिवाळीच्या धोतरजोडीच्या बिलाचं काही असेल.

‘‘होतं,’’ ते म्हणाले. ‘‘झाड होतं. माझं चुकलं. खडू मी मारायला नको होता.’’

रद्दीवाल्याच्या ढिगात, लगदा व्हायच्या वाटेवर, त्यांना बेटांवरच्या वनस्पतींवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. मुखपृष्ठ नव्हतं, मधली पानं कसरीनं खाल्लेली. तरी त्यात होतं ते पुरेसं होतं. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी ते पेढीवर येतात आणि एका खडूची नुकसानभरपाई हप्त्याहप्त्यानं फेडतात.

त्यातून मला जे कळलं ते असं. प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांवर स्केलेशिया नावाची प्रजात आहे, सूर्यफुलाच्या अगदी जवळच्या नात्यातली. तिच्या बऱ्याच जाती झुडपंच आहेत, पण एक जात पंधरा मीटरच्या वर जाते आणि तिची चक्क जंगलं आहेत. आत धुकं, फांद्यांवर शेवाळ, आणि शेंड्याला तोच झेंडूसारखा मोहल्ला. चिलीपासून दूर ह्वान फर्नांडेस बेटांवर डेंड्रोसेरिस आहे. ती आपल्या रानातल्या पाथरीच्या भाजीची नातलग; पानांतला चीक तोच, पण उंची झाडाची. तिथेच एका प्रजातीचं नाव रॉबिन्सोनिया, रॉबिन्सन क्रूसोवरून ठेवलेलं. ‘‘कादंबरीतल्या माणसावरून कूळ चालतं,’’ मास्तर म्हणाले, ‘‘आणि इथे रेशनकार्डावर...’’ ते वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. त्याचं कारण पुढे येईल.

बेटावरच असं का होतं, हे त्यांनी मला रेल्वेच्या भाषेत सांगितलं. भुसावळहून निघालेला खच्चून भरलेला जनरल डबा म्हणजे मुख्य भूमी. खिडकीच्या जागा वडापिंपळांनी आधीच धरलेल्या. गवतानं दाराशी एका पायावर उभं राहायचं. समुद्रातून नवं वर आलेलं ज्वालामुखीचं बेट म्हणजे यार्डातून थेट फलाटावर लागलेली रिकामी गाडी. तिच्यात आधी कोण चढणार? आंब्याची कोय काही हजार मैल उडत जाणार नाही. सूर्यफूल कुळातल्या कित्येकांच्या बीला मात्र केसांचा तुरा. वाऱ्यावर जाईल, पाखराच्या पिसाला चिकटून जाईल. ती आत शिरली, पाहते तो वरचा बर्थही मोकळा. मग आडवी कशाला पडेल? वाढली वर. डार्विननं १८५९च्या पुस्तकात साधारण हाच तर्क केला आहे. झाडांशी उंचीत टक्कर द्यायची वेळच येत नाही, तिथे इतरांपेक्षा थोडं उंच होणाऱ्या रोपट्याचा फायदा होतो आणि होता होता त्याचं झाड होतं. इतरांचं म्हणणं असं की बेटावर कडाक्याचा हिवाळा नसतो, दरवर्षी मरायचं कारण उरत नाही, म्हणून खोड वर्षानुवर्षं लाकूड साठवत जातं. मास्तर दोन्ही बाजूंनी भांडतात. मी ‘हूं’ म्हणतो.

पण त्यांचा जीव खरा अडकलाय तो सेंट हेलेनात. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवरचं, दक्षिण अटलांटिकमधलं हे इवलंसं बेट. आपल्याला ते नेपोलियनमुळे माहीत. मास्तरांना ते गमवुडमुळे, म्हणजे सूर्यफूल कुळातल्या तिथल्या झाडामुळे माहीत, आणि नेपोलियनबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. लाँगवुडला तो पाच-साडेपाच वर्षं कुढत बसला, त्याच भागात एके काळी ‘ग्रेट वुड’ नावाचं गमवुडचं मोठं जंगल होतं. पोर्तुगीजांनी सोडलेल्या शेळ्यांनी आणि नंतरच्या जळणतोडीनं ते संपवलं. ‘‘आठवणी सांगितल्या त्या लढायांच्या. गमवुडचं जंगल उजाड पडलंय, त्याबद्दल अक्षर नसेल.’’

बुरहानपूरचा धागा तर ते कुठूनही काढतात. ऑक्टोबर १८०३मध्ये, असईच्या लढाईनंतर, शिंद्यांचं बुरहानपूर आणि पाठोपाठ असीरगड कर्नल स्टीव्हन्सननं घेतला. त्याचा वरिष्ठ आर्थर वेलस्ली. हाच वेलस्ली १८०५मध्ये विलायतेला परतताना सेंट हेलेनाला थांबला आणि ‘ब्रायर्स’ नावाच्या घरात उतरला. दहा वर्षांनी त्यानंच वॉटर्लूला हरवलेला नेपोलियन बेटावर आला, तेव्हा सुरुवातीला त्याची सोय त्याच घरी झाली. ‘‘म्हणजे,’’ मास्तर बोट वर करून म्हणतात, ‘‘आपल्या किल्ल्यापासून गमवुडपर्यंत मध्ये फक्त एक माणूस.’’ अहुखान्याला, मुमताजची पहिली कबर बघायला आलेल्या पाहुण्यांनाही ते हे सांगतात. पाहुणे ताजमहालाची वाट बघत असतात.

भारताशी आणखी पक्का दुवा आहे तो विल्यम रॉक्सबर्गचा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा हा अधीक्षक १८१३ साली प्रकृती ढासळली म्हणून निघाला आणि वाटेत सेंट हेलेनाला राहिला. माणूस आजारी, पण बेटावरच्या वनस्पतींची यादी केलीच. ती १८१६मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापली गेली. गमवुडला त्यानं कोनायझा म्हटलं, म्हणजे आपल्या पडीक रानात उगवणाऱ्या तणाच्या प्रजातीत घातलं. मास्तरांना यात रॉक्सबर्गची थोरवी दिसते. समोर झाड उभं असताना त्यानं फुलाला विचारलं, कूळ कोणतं? आणि फुलानं खरं सांगितलं. पुढे द कांदोलनं कोमिडेंड्रम अशी वेगळी प्रजात मांडली. ते नाव मूळचं बर्चेलचं. हा बर्चेल रॉक्सबर्गच्याही आधी बेटावर कंपनीच्या नोकरीत होता, मुलांना शिकवायचा आणि झाडं धुंडाळायचा. त्याची वाग्दत्त वधू जहाजानं त्याच्याकडे यायला निघाली आणि वाटेत तिनं जहाजाच्या कप्तानाशीच जमवलं. बर्चेल जन्मभर अविवाहित राहिला. स्थळं बघताना ‘मुलगी फार लांबची नको’ या बाजूनं मास्तर हा दाखला देतात. त्यामुळे दोन-तीन ठिकाणची बोलणी फिस्कटली आहेत.

सेंट हेलेनावरच्या गमवुडच्या एका जातीचं फक्त एक झाड १९८२मध्ये कड्यावर सापडलं. ही जात संपली असंच सगळे धरून चालले होते. १९८६मध्ये तेही गेलं, पण तोवर त्याची रोपं करून झाली होती. एकदा त्यांच्या घरी हे सांगताना मास्तरांचा आवाज बसला. ‘‘एकटाच उरला होता. चार वर्षांत तोही गेला.’’ आतून काकूंनी घाबरून विचारलं, ‘‘कोण हो? कुणाकडचे?’’

‘‘आपल्यातलेच,’’ मास्तर म्हणाले. काकूंनी गॅस बारीक केला आणि सुतक आहे का, ते विचारायला बाहेर आल्या.

सेंट हेलेनावर कोबीची झाडंही आहेत. फांद्यांच्या टोकांना पानांचे गड्डे दिसतात म्हणून खलाशांनी दिलेलं नाव. भाजीच्या कोबीशी संबंध शून्य, सगळी सूर्यफूल कुळातली. एक नर कोबी, एक मादी कोबी, एक काळी कोबी. मास्तरांच्या आयुष्यातला हा सर्वोच्च आनंद. कारण नर आणि मादी हे नवरा-बायको नाहीतच! दोन निरनिराळ्या प्रजाती: नर प्लॅडेरोझायलॉन, मादी लॅकॅनोडीस. दोघांची पोटशाखा एक, सेनेशिओची, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या सोनकीची. आणि काळी कोबी, मेलॅनोडेंड्रॉन, दिसायला त्यांच्यातलीच, पण पोटशाखा दुसरी. तिचं नातं गमवुडशी. हे ते मला निदान तीस गुरुवार सांगताहेत. काकूंनाही पाठ झालंय.

आता ते रेशनकार्ड. मास्तरांच्या आडनावात एक ळ आहे. १९५६मध्ये राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर-वऱ्हाड तिकडे गेला, निमाड इकडे राहिला, आणि आमचे ळ कचेऱ्यांच्या हवाली झाले. एका कचेरीत मास्तरांच्या ळचा ल झाला. दुरुस्तीसाठी त्यांनी सात खेपा घातल्या, अर्ज केले, वर्णमालेचा तक्ता नेऊन दाखवला. बाबू म्हणाला, ‘‘ये अक्षर हमारे कम्प्यूटर में नहीं है.’’ मास्तर जेवेनात.

मग एका गुरुवारी ते हसत आले. स्केलेशियाच्या नावाची हकिकत त्यांना मिळाली होती. १८३६मध्ये स्कॉटलंडच्या आर्नटनं ही प्रजात एका गृहस्थाच्या सन्मानार्थ ठेवली. गृहस्थाचं आडनाव स्टेबल्स. आर्नटनं ते वाचलं स्केल्स. चूक पुढे लक्षात आली, पण नाव छापून झालेलं. तेच चालू राहिलं. ‘‘अख्खं जंगल चुकीच्या आडनावानं उभं आहे,’’ मास्तर म्हणाले, ‘‘आणि मी एका ळसाठी उपाशी?’’ त्या दिवसापासून हिंदी कागदांवर ते लनं सही करतात.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या कागदांवर काकूंचं नाव चढवायचं होतं. मला सोबत नेलं. बाबूनं दोन्ही आधारकार्डं शेजारी ठेवली, चष्मा वर केला, खाली केला. मास्तरांच्या ळचा ल झाला होता. काकूंच्या ळचा, कुण्या वेगळ्या बाबूच्या कृपेनं, ड.

‘‘मास्टरजी, सरनेम तो अलग-अलग है. ये आपकी कौन लगती हैं?’’

मास्तर उभे राहिले. चेहरा उजळला होता. त्यांनी बाबूच्या टेबलावरचा फॉर्म उलटा केला, पेन काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला दोन झाडं काढली, शेंड्याला गड्डे काढले आणि एकाखाली ल, दुसऱ्याखाली ड लिहिलं. ‘‘देखो,’’ ते म्हणाले, ‘‘दुनिया समझती है मियाँ-बीवी. मगर जीनस अलग!’’ मागे रांग वाढत होती. बाबूनं हताश होऊन काकूंकडे पाहिलं.

‘‘माताजी, आप ही बताओ. रिश्ते में क्या लिखूँ?’’

काकूंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. ‘‘लिख दे बेटा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पत्तागोभी.’’